गिरिजाची दारावरची काच

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या मराठी बायकांना गिरिजाकडून वाढदिवसाला काय येणार, हे आधीच ठाऊक असायचं. रंगीत काचेचं काहीतरी. कुणाला पोपट, कुणाला कमळ, तर कुणाला नुसतीच शंकरपाळ्यांची नक्षी. वर एक बारीक साखळी आणि साखळीला रबराची वाटी. ती वाटी जराशी ओली करून खिडकीला दाबली की काच लटकली. मग मिशिगनचा हिवाळा यायचा, वाटी आखडायची, आणि एका सकाळी पोपट धाडकन खाली. उरलासुरला पोपट जायचा तळघरात, जुन्या बॅगांच्या मागे.

गिरिजाला हे सगळं माहीत होतं. भिशीला कुणाच्या घरी गेली की ती आधी खिडक्या बघायची आणि मग यजमानीणबाईंचा चेहरा.

"अगं, पडदे धुवायला काढलेत ना, म्हणून तुझा पोपट काढून ठेवलाय," यजमानीण घाईघाईने सांगायची.

"असू दे गं. त्यालाही तेवढीच विश्रांती," गिरिजा म्हणायची.

हसून म्हणायची, पण घरी येताना गाडीत गप्प असायची. एवढी वर्षं काच कापून, घासून, जोडून तिची एक तरी काच कुणाच्या घराच्या लाकडात बसली होती का? नाही. सगळ्या लटकलेल्या, उद्या काढून ठेवता येतील अशा. तिला एकच हौस होती. आपली एक काच खऱ्या खिडकीत बसावी, चौकटीत ठोकून, घर आहे तोवर राहील अशी.

आता ही काचेची आवड आली कुठून, तेही ऐका. गिरिजा मूळची मिरजेची. लग्न होऊन पुरुषोत्तमबरोबर इकडे आली. तो मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. मुलगा शाळेत जायला लागल्यावर गिरिजालाही नोकरी मिळाली, गाड्यांच्या पुढच्या काचा बनवणाऱ्या एका कारखान्यात. काम काय, तर लखलखीत दिव्यांखाली उभं राहायचं आणि समोरून सरकत जाणारी प्रत्येक काच निरखायची. बुडबुडा दिसला, लाल टिकली. ओरखडा दिसला, लाल टिकली. काचेत काहीही दिसलं की काच वाईट, आणि काहीच दिसलं नाही की काच चांगली. अशी किती वर्षं तिने काही न दिसण्याची वाट बघत काढली, देव जाणे.

निवृत्त झाली तरी डोळ्यांची खोड जाईना. हॉटेलात गेली की पाण्याचा ग्लास उजेडात धरून फिरवून बघायची. वेटर बिचारा ग्लास बदलून आणायचा. पुरुषोत्तम एकदा म्हणाला, "बाई, तू काहीतरी कर, नाहीतर उद्या माझ्या चष्म्याला लाल टिकली लावशील."

म्हणून ती कम्युनिटी सेंटरातल्या रंगीत काचेच्या वर्गाला गेली आणि पहिल्याच दिवशी वेडी झाली. तिथे एक म्हातारबाबा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारांना द्राक्षांच्या घडांची काच करत होते, म्हणजे आतले डबे दिसायला नकोत. एक बाई दिव्यावरची टोपी करत होती, शंभर तुकड्यांची. एक तरुण मुलगी न्हाणीघराच्या खिडकीसाठी निळ्या-हिरव्या लाटा जोडत होती, बाहेरच्याला आतलं दिसू नये आणि आतल्याला उजेड मात्र मिळावा म्हणून. आणि सगळ्यांच्या काचेत काही ना काही दिसत होतं! कुणी लाल टिकली लावत नव्हतं. गिरिजाला वाटलं, इतकी वर्षं आपण उलट्याच बाजूला उभ्या होतो.

काम तसं किचकट. कागदावर नमुना काढायचा, त्याचे तुकडे पाडायचे, तुकडा काचेवर चिकटवायचा, कडेने काच कापायच्या छोट्या चाकाने कर्र करून रेघ ओढायची आणि दोन्ही हातांनी बिस्किट मोडावं तशी काच मोडायची. मग कडा घासून, प्रत्येक तुकड्याला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची. करंजीची कड दाबतात ना, तशी चारी बाजूंनी दाबायची. शेवटी सगळे तुकडे मांडून सोल्डरिंगने, म्हणजे वितळलेल्या शिशाने, जोडायचे. शिशाचं काम म्हणून पुरुषोत्तमने तिला स्वयंपाकघराच्या आसपास फिरकू दिलं नाही. तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी, तिचं टेबल. तिथे ना खिडकी, ना ऊन. टेबलावर एक मोठा दिवा. तो लावला की गिरिजाचा सूर्य उगवला.

तर अशी ही गिरिजा. साठी उलटलेली, बोटांना चिकटपट्ट्या बांधलेल्या, आणि मनात ती चौकटीतली काच.

एका रविवारी अहिल्या आली. अहिल्या इथेच जन्मलेली, गिरिजाने लंगोटात पाहिलेली पोर. आता तिने आणि तिच्या नवऱ्याने, यशने, नवीन घर घेतलं होतं. यश नागपूरचा, शिकायला म्हणून आला आणि अहिल्याने त्याला इथेच ठेवून घेतला, असं मंडळात सगळे म्हणायचे.

"मावशी, आमच्या फ्रंट डोअरच्या वर ना, एक लांब विंडो आहे," अहिल्या म्हणाली. "यशच्या आईंना दारावर गणपती हवाय. त्या नागपूरहून मार्बलचा आणणार होत्या, सुटकेसमध्ये! आय सेड, नो नो, आमच्याकडे गिरिजामावशी आहे."

"लटकवायचा ना? वाटी जरा मोठी लावते."

"लटकवायचा नाही गं. फिक्स. फ्रेममध्ये बसवायचा, परमनंट."

गिरिजा खुर्चीत बसलीच. "पुन्हा म्हण."

"काय पुन्हा म्हणू?"

"ते शेवटचं."

"परमनंट," अहिल्या म्हणाली आणि हसत सुटली. आतून पुरुषोत्तम ओरडला, "अहिल्ये, बाई, काय बोललीस तू तिला? आता आम्हाला महिनाभर खिचडी!"

खिचडीच झाली. गिरिजाने नमुने काढले आणि फाडले. पहिला अडथळा सोंडेचा. तिने छान डाव्या सोंडेचा गणपती काढला, तर पुरुषोत्तम चहाचा कप घेऊन मागे उभा राहिला.

"घरातून डावी, बरोबर. पण बाहेरून?"

"बाहेरून काय?"

"अगं, काच आहे ती. बाहेरून उजवी दिसणार. आणि उजव्या सोंडेचं सोवळं कडक. म्हणजे घरातले मजेत, आणि पार्सल घेऊन येणाऱ्याने मात्र सोवळं नेसून यायचं!"

गिरिजाने त्याच्याकडे रागाने बघितलं, मग कागदाकडे बघितलं, आणि खोडरबर उचललं. सोंड सरळ खाली आणली. टोकाला मोदक. आता कुठूनही बघा, तोच.

मग नागपूरहून यशच्या आईचा, शरयूताईंचा, फोन आला. "गिरिजाताई, तुम्ही करून राहिल्या म्हणून बरं वाटलं. फक्त एवढं बघा, गणपतीची पाठ घरात यायला नको नं. पाठीकडे दारिद्र्य असतं म्हणतात."

"ताई, माझ्या गणपतीला पाठच नाही. दोन्हीकडून तोंड."

"असं कसं?"

"काचेचा आहे ना."

"बाप्पा!" शरयूताई म्हणाल्या. त्यांना पटलं की नाही कळलं नाही, पण फोन ठेवताना त्या खूश होत्या.

काचेच्या दुकानात दोन जातीच्या काचा. एक दुधी, तिच्यातून उजेड नुसता पाझरतो. दुसरी आरपार, उजेड पडला की पेटून उठते. वर्गातल्या शिकवणाऱ्या आजी म्हणाल्या, दारावर दुधीच बरी. पण गिरिजाने आरपार लाल काच उचलून दिव्यासमोर धरली. जास्वंदीचा लाल! दुकानातच तिच्या अंगावर काटा आला. तिने दुधीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. लाल अंगाला, पिवळी मुकुटाला, मागे निळं आभाळ, आणि दोन्ही अंगांना हिरव्या दूर्वांच्या उभ्या पट्ट्या.

कानांनी तिला रडवलं. काच आतल्या बाजूला वळणदार कापता येत नाही. सुपाएवढा कान एका तुकड्यात कापायला गेली की टक्कन मधोमध फुटायचा. लाल काच संपत आली तेव्हा तिने एका कानाचे तीन तुकडे पाडले, आणि जोडल्यावर त्या रेघाच कानाच्या शिरांसारख्या शोभून दिसल्या. शेवटचं सोल्डरिंग झालं तशी तिने काच दिव्यासमोर उभी केली आणि वरच्या मजल्याला हाक मारली, "अहो! अहो, या ना खाली!"

पुरुषोत्तम खाली आला आणि चेष्टा न करता उभा राहिला. बराच वेळ. गिरिजाला तेवढं पुरलं.

अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत होती. आदल्या संध्याकाळी यशने शिडी लावली, काच दारावरच्या खिडकीत आतल्या बाजूने बसवली, चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या आल्या आणि पट्ट्यांना स्क्रू. आभाळ गच्च भरलेलं होतं. तरी तेवढ्या मंद उजेडातही गणपती असा उजळला की अहिल्याने टाळ्या वाजवल्या. शरयूताई कालच विमानातून उतरल्या होत्या, डोळे झोपेने जड. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "माझा मार्बलचा राहिला ते बरंच झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबक गुरुजी आले. हे एरवी गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करतात आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात. पूजा आटोपून ते निघाले तर शरयूताईंनी अडवलं. "गुरुजी, दारावरच्या गणपतीला पण अक्षता वाहा. नुसती शोभेची काच नको, देव म्हणून राहू दे."

गुरुजींनी मंत्र म्हणत वर अक्षता उडवल्या. गिरिजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिची काच, चौकटीत, आणि वर अक्षता!

चार वाजल्यापासून पाहुणे यायला लागले. दार पश्चिमेला. समोर घर नाही, नुसतं तळं आणि गवत. दारातून आत आलं की लांबलचक मोकळी जागा, बाजूला जिना, आणि थेट मागच्या भिंतीपर्यंत लाकडी जमीन. आल्या आल्या प्रत्येक जण वर बघायचा आणि मग चपला काढायचा. मराठी घरात पन्नास माणसं आली की चपलांचं काय होतं, ते सांगायला नको. दारापाशी जागा संपली, मग भिंतीच्या कडेने, मग जिन्याच्या पायरीपर्यंत. बूट, सँडल, मोजडी, बाळांचे दिवे लागणारे बूट, सगळा डोंगर.

"गिरिजा, तू केलंस हे? एवढं?"

"गिरिजामावशी, ऑसम!"

"आमच्या दारावर पण आहे गं अशी रिकामी खिडकी." हे म्हणणारी तीच, पडदे धुवायला काढणारी. गिरिजा मसालेभात वाढत होती, पण पाय जमिनीला लागत नव्हते. कुणी नवीन आलं की ती मठ्ठ्याचं भांडं घेऊन दारापर्यंत जायची, उगाचच.

मग ढग फाटले. सगळ्या खिडक्यांतून ऊन आलं, पोरं बाहेर पळाली, आणि पुरुषोत्तम बर्फ आणायला म्हणून आपले बूट शोधायला गेला.

थोड्या वेळाने त्याची हाक आली. हळू, दबकी. "गिरिजा, जरा इकडे ये. ओरडू नकोस."

ती गेली. पुरुषोत्तमने नुसतं बोट दाखवलं.

चपलांच्या डोंगरावर गणपती पडला होता. ऊन वरच्या काचेतून तिरकं आत आलं होतं आणि लाल पोट, पिवळा मुकुट, निळं आभाळ, सगळं जसंच्या तसं बुटांवर उतरलं होतं. पोट पुरुषोत्तमच्या पांढऱ्या बुटांवर. एक कान कुणाच्या तरी मळक्या सँडलवर. मोदक एका बाळाच्या बुटात.

तळघरातल्या दिव्याने तिला काच दाखवली होती, पण उजेड काचेतून पुढे जाऊन कुठे पडतो, ते कधी दाखवलंच नव्हतं.

"चपला सरकवा," ती कुजबुजली.

पुरुषोत्तमने पायाने बूट ढकलला.

"पाय नका लावू!"

"अगं, बुटाला पाय नको लावू तर काय लावू?"

"बुटाला नाही हो, त्याला!"

पुरुषोत्तमने खाली बघितलं. त्याचा पाय गणपतीच्या मांडीवर. त्याने असा झटक्यात मागे घेतला की तो पडता पडता वाचला. मग तो इंजिनिअर माणूस, त्याने एका क्षणात उपाय काढला. तो उन्हाच्या वाटेतच उभा राहिला, दाराकडे तोंड करून. गणपती जमिनीवरून उठून त्याच्या कुर्त्यावर आला, पोटावर पोट.

"आता?" गिरिजा म्हणाली.

"आता सूर्य मावळेपर्यंत मी इथेच."

"काका, इथे काय उभे?" एक जण विचारून गेला.

"हवा खातोय," पुरुषोत्तम म्हणाला.

दुसरी म्हणाली, "काय सुंदर प्रिंट आहे हो कुर्त्याचं! पुण्याचं का?"

"इथलंच. आजच आलं," पुरुषोत्तम म्हणाला, आणि गिरिजाला त्या घबराटीतही हसू फुटलं.

तेवढ्यात शरयूताई आल्या, हातात हळदीकुंकवाचं तबक, एका बाईंना निरोप द्यायला. "भाऊजी, तुम्ही दारात काय करून राहिले? बाजूला व्हा जरा, यांना चपला घालायच्या आहेत."

"त्या... त्यांना दोन मिनिटं थांबवा ना."

"काहून?"

पुरुषोत्तमने गिरिजाकडे बघितलं. गिरिजाने डोळे मिटले. तो बाजूला झाला.

"अगं बाई!" शरयूताईंच्या हातातलं तबक खणखणलं. सगळं घर धावत आलं. पन्नास माणसं गोल करून उभी आणि मध्ये चपलांवर पसरलेला गणपती. ज्यांच्या चपलांवर तो होता ते तर अपराध्यासारखे एकमेकांच्या मागे लपायला लागले.

"काढा ती काच," शरयूताई म्हणाल्या. "यश, शिडी आण. आत्ताच्या आत्ता."

"आई, पण इट्स जस्ट लाइट!" अहिल्या म्हणाली.

"लाइट असो का काही असो. गणपती आहे की नाही? दिसून राहिला की नाही? मग चपलांवर कसा चालेल? आणि आज चपला आहेत, उद्या आपण येता-जाता त्याच्यावरूनच चालणार."

गिरिजा पुढे आली. "शरयूताई म्हणतात ते खरं आहे. मी सारखी वरच बघत राहिले. खाली काय होईल याचा विचारच केला नाही. काढा. मी घेऊन जाते."

कुठे नेणार होती, ते तिने सांगितलं नाही. पुरुषोत्तमला कळलं, तळघरात. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

यश शिडी घेऊन आला आणि मध्येच थांबला. "आई, सकाळी तूच अक्षता वाहायला लावल्यास ना? मग असाच काढायचा? उत्तरपूजा नाही का करावी लागत?"

शरयूताई थबकल्या. देव बसवला, की उत्तरपूजा केल्याशिवाय हलवायचा नाही. त्यांनीच सकाळी हौसेने देव करून ठेवला होता, आणि आता त्यांच्याच शब्दात त्या अडकल्या. "गुरुजींना फोन लाव," त्या म्हणाल्या.

गुरुजी दुसऱ्या गावी दुसऱ्या वास्तुशांतीत. फोन स्पीकरवर. मागे कुकरच्या शिट्ट्या.

"काचेतून पडलेल्या उन्हाबद्दल पोथीत काही वाचल्याचं मला आठवत नाही," गुरुजी म्हणाले. "पण अक्षता वाहिल्यात तर हात लावू नका. इथलं उरकलं की मी येतोच. तोवर एक करा."

"काय?" पन्नास माणसांनी विचारलं.

"आधी चपला उचला हो!"

मग काय गोंधळ! गिरिजा पहिली खाली बसली आणि तिने सापडतील ते बूट छातीशी धरले. तिच्यामागून सगळे. कुणाचा कुठला बूट, कुणाची कुठली जोडी, कसलाही हिशेब नाही, सगळं गॅरेजमध्ये ढीग. अहिल्याने मोठा झाडू आणला, शरयूताईंनी तो बाजूला सारून ओलं फडकं घेतलं आणि स्वतः वाकून जमीन पुसली, उजेडाला हात न लावता, चहूबाजूंनी. आणि स्वच्छ लाकडावर गणपती एकटा उरला.

दाराशी उभं असलेल्याला तो सरळ दिसे, आतून बघणाऱ्याला शीर्षासनात. पोरं इकडून तिकडे धावून दोन्हीकडून बघायला लागली.

"अरे, तो हलला!" यश म्हणाला.

"हलणारच. सूर्य उतरतोय," पुरुषोत्तम म्हणाला. त्याने खिशातून पेन काढून हवेत एक तिरकी रेघ ओढली. "सूर्य जसा खाली, तसं ऊन आणखी आत. म्हणजे हा पुढे जाणार. घरात."

"घरात?" शरयूताईंनी वर काचेकडे बघितलं, खाली बघितलं, मग मागे वळून बघितलं. मागे त्यांच्या पाठीशीच पाहुण्यांची शंभर पावलं. "मागे व्हा!" त्या ओरडल्या. "मागे व्हा सगळे! पाय मागे घ्या! ते टेबल उचला, सोफा सरकवा! कुणी वाटेत यायचं नाही!"

आता कुणाला जेवण सुचतंय! चार जणांनी सोफा उचलला. जिलबीचं ताट हातोहात स्वयंपाकघरात गेलं. माणसं दोन्ही भिंतींना चिकटून उभी राहिली आणि मध्ये मोकळी वाट. गणपती सरकत होता. बघत राहिलं तर दिसत नव्हतं, पण जरा इकडेतिकडे बघून पुन्हा पाहावं तर जमिनीची आणखी एक फळी त्याने ओलांडलेली. ऊन उतरत गेलं तसा तो लांबत गेला, सोंड तर नदीसारखी.

मध्येच ढग आला आणि सगळं विझलं.

"गेला!" एक पोरगी रडायलाच लागली. सगळे खिडकीकडे धावले, ढगाकडे बघायला. शरयूताई हात जोडून ढगाला म्हणाल्या, "सरक रे बाबा, सरक!" ढग सरकला. वाटेत पुन्हा लाल, पिवळा, निळा पेटला, आणि असा आरडाओरडा झाला की तळ्यावरची बदकं उडाली.

"आला! आला! दोन फळ्या पुढे आला!"

तो जिना ओलांडून आला. जेवणाच्या टेबलाच्या जागेवरून आला. मागच्या भिंतीशी पोचला तेव्हा त्याचा मुकुट भिंतीवर चढला होता आणि पाय अजून जमिनीवर होते, वाकून उंबरा ओलांडावा तसा. मग हळूहळू सगळाच उभा राहिला. भिंतीवर चढल्यावर त्याचं लांबणं संपलं, तो आपल्या मापात आला. सोल्डरिंगच्या काळ्या रेघा एवढ्या लांब येईपर्यंत विरघळून गेल्या होत्या. गिरिजाने तीन तुकड्यांत जोडलेला कान आता एकसंध, मऊ. पांढऱ्या भिंतीवर, घराची उष्णता कमीजास्त करायच्या डबीच्या शेजारी, जास्वंदीच्या रंगाचा गणपती उभा.

गिरिजा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. हे तिने केलेलं नव्हतं. म्हणजे केलेलं होतं, पण असं नव्हतं.

दार उघडलं आणि त्र्यंबक गुरुजी धापा टाकत आत आले, हातात पिशवी. "आलो, आलो. उत्तरपूजेचं सगळं आणलंय. चपला कुठे काढू?"

"गॅरेजमध्ये!" पन्नास जण ओरडले.

यश कोपऱ्यात शिडीला टेकून उभा होता. तो पुढे झाला. "आई, लावू का आता?"

शरयूताईंनी भिंतीवरून नजर काढली नाही. "शिडी कशाला? बल्ब बदलायचाय का?"

"अगं, ती काच..."

"काचेला हात लावून तर बघ! आपल्या पायाने घरात आलाय तो. सगळ्यांनी बघितलं नं? अख्ख्या घरातून चालत आला. आणि मी त्याला काढू?" मग त्यांचं लक्ष गुरुजींकडे गेलं. "बरं झालं वेळेवर आलात. आरती करायची आहे. आणि अहिल्या, उद्यापासून या घरात चपला गॅरेजमध्ये. पाहुण्यांच्या पण. आणि उन्हाच्या वेळी त्याच्या वाटेवर कुणी यायचं नाही."

"डन, आई!" अहिल्या म्हणाली आणि तिने गिरिजाला अशी मिठी मारली की दोघींचा तोल गेला.

आरती सुरू झाली. टाळ कुणाकडे नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातली झाकणं आली. पुरुषोत्तमने मोठ्या डावाने पातेलं बडवलं. त्याला ताल नाही, कधीच नव्हता, पण आज कुणी त्याला थांबवलं नाही. शरयूताईंनी निरांजन ओवाळलं आणि मग तेच तबक गिरिजासमोर धरलं. "घ्या, तुम्ही आधी घ्या."

आरती संपता संपता ऊन छताशी गेलं आणि मग नाहीसं झालं. घरात दिवे लागले, जिलबी परत बाहेर आली, सगळे एकदम बोलायला लागले. गिरिजा मात्र गर्दीतून वाट काढत दाराबाहेर गेली. अनवाणीच, कारण चप्पल शोधण्यात अर्थ नव्हता. एप्रिलचं सिमेंट पायाला बर्फासारखं लागलं. रस्त्याच्या कडेपर्यंत गेली आणि वळून बघितलं.

बाहेर संधिप्रकाश आणि आत दिवे, त्यामुळे आता गणपती रस्त्याकडे बघत होता. चौकटीत घट्ट बसलेला, लाल, पिवळा, निळा, आणि दोन्ही अंगांना तिच्या दूर्वा. एक गोरा गृहस्थ कुत्रा फिरवत येत होता, तो थांबला. कुत्राही थांबला.

"वॉव," तो म्हणाला. "ही खिडकी कुठून आणली यांनी?"

गिरिजाचं इंग्रजी बेताचं, पण या प्रश्नाला फार इंग्रजी लागत नव्हतं.

"मी केली," तिने ताठ उभं राहून सांगितलं, आणि मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो! अहो, बाहेर या ना! इथून बघा!"

आतून पुरुषोत्तम ओरडला, "येतो गं! पण दोन्ही डाव्या पायाचेच बूट मिळाले!"

"मग तसेच या," गिरिजा म्हणाली. "लवकर या."